कौसल्याबाईंचं सेकंड शिफ्टचं रजिस्टर

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत जाऊन कौसल्याबाई गजभिये कुठं राहतात म्हणून विचारा, कोणीही सांगेल. पण सांगताना जरासं हसेल. "सिरियलवाल्या बाई ना? त्या काय, तिसऱ्या बिल्डिंगमध्ये, खालीच." आता बाईंनी जन्मात कधी सिरियलमध्ये काम केलेलं नाही. त्यांनी सिरियली पाहिल्या, एवढंच. पण अशा पाहिल्या की नागपुरातल्या भल्याभल्यांना पाहणं म्हणजे काय ते शिकवून आल्या. हे कसं झालं ते नीट ऐकून घ्या, कारण वसाहतीत ही गोष्ट सांगणारे सतरा जण आहेत आणि प्रत्येक जण आपल्या पदरचं काहीतरी घालतो.

बाईंचं माहेर नागपुरातल्या इंदोऱ्याचं. शिक्षण दहावी. लग्न करून कोराडीला आल्या तेव्हापासून चिमणीच्या धुराखाली संसार केला, वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकत मेघा नावाची पोरगी वाढवली, तिला शिकवलं, पुण्याला नोकरीला धाडलं. यजमान देवाजी वीज केंद्रात कंट्रोल रूमला ऑपरेटर. माणूस देवमाणूस, पण एका बाबतीत महाकिचकट. ती बाब म्हणजे लॉगबुक.

कंट्रोल रूममध्ये पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याच्या हाती लॉगबुक देतो. डावीकडे वेळ, मध्ये काय घडलं ते, उजवीकडे शेरा. त्यात 'बहुतेक' लिहायचं नाही, 'मला वाटतं' लिहायचं नाही. डोळ्यांनी दिसलं ते मिनिटासकट लिहायचं. आणि शेवटी तीन गोष्टी सांगायच्या: चालू काय आहे, बंद काय आहे, लक्ष कशावर ठेवायचं आहे. इतकं नीट सांगितलं नाही तर पुढच्याच्या हातून बॉयलरचं काय होईल सांगता येत नाही. देवाजींनी तीस वर्षं हेच केलं, आणि हळूहळू ते घरातही असेच बोलू लागले.

बारा वर्षांपूर्वी देवाजींना रोज आठ वाजताच्या एका सिरियलचा नाद लागला. पण सेकंड शिफ्ट आली की पंचाईत, कारण ती दुपारी दोन ते रात्री दहा. मग सकाळच्या चहाला ते विचारत, काल काय झालं. बाई सांगायच्या, "अवो, ते सासू आली ना, मंग तिनं असं पाह्यलं, मंग ते सून म्हणे का..." देवाजी कप खाली ठेवत.

"कौसल्ये, असं हँडओव्हर देतेत का? किती वाजता आली? कुठून आली? कोण कोण हजर होतं?"

"मले काय माहीत किती वाजता आली."

"मंग पाहून काय राहिली होती तू?"

बाईंना हे झोंबलं. माणसाला भाजी खारट झाली म्हटलेलं चालतं, पण पाहिलं नाही म्हटलेलं चालत नाही. त्याच दिवशी त्यांनी दुकानातून दोनशे पानी रजिस्टर आणवलं, पट्टीनं तीन रकाने आखले आणि रात्री आठला भिंतीवरच्या घड्याळाखाली बसल्या. पहिल्या दिवशीची नोंद अजून आहे. '८.०४ सासू जिना उतरू लागली. ८.०६ सासू जिन्यावरच. पायऱ्या अकरा. ८.०९ सून रडली, पदर डाव्या खांद्यावर. जाहिरात. ८.१३ सून रडतेच आहे, पदर उजव्या खांद्यावर. चालू: विषाचा पेला. बंद: धाकट्या दिराची नोकरी, कोणी विचारत नाही. लक्ष: नवी मोलकरीण. तिला गरजेपेक्षा जास्त दाखवतात.'

पाचव्या दिवशी विषाचा पेला त्या मोलकरणीनंच ठेवला होता असं निघालं, आणि देवाजींनी ते रजिस्टर डब्याच्या पिशवीत घालून कामावर नेलं.

तिथून मग काय विचारता. सेकंड शिफ्टचे सगळे वाचू लागले. पाळ्या फिरत्या असतात, त्यामुळे कोणता ना कोणता गट दुपारी कामावर असतोच. देवाजी सकाळपाळीला असले तर रजिस्टर दुसऱ्या कोणाच्या डब्याबरोबर जाऊ लागलं. एक दिवस बाईंना ताप आला, नोंद झाली नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच रुपराव फिटर दारात उभा. म्हणे, वहिनी, तब्येत कशी आहे, आणि काल काय झालं.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर सगळं दिसतं हल्ली, मग रजिस्टर कशाला? अहो, हाच तर मुद्दा आहे. मोबाइल आले, एपिसोड कधीही पाहता येऊ लागला, तरी रजिस्टरची मागणी कमी झाली नाही. ज्यांनी एपिसोड पाहिला होता तेही वाचायचे. काय घडलं हे त्यांना माहीत असायचं, आपण काय पाहायला चुकलो ते बाईंकडून कळायचं.

एक नोंद सांगतो म्हणजे समजेल. सिरियलमधल्या एका बाईचा नवरा मेला होता. सगळा एपिसोड रडारडीचा, छाती पिटण्याचा. बाईंनी तो सगळा दोन ओळींत उडवला आणि खाली लिहिलं: '८.१७ बाई नवऱ्याचे कपडे आवरत होती. शर्टाची सगळी बटणं लावली आणि मग घडी केली. कोणाला देऊन टाकायचे असले तर आपण बटणं लावत नाही. ठेवायचे असले तर लावतो. बाई तोंडानं म्हणाली, देऊन टाका. हात म्हणाले, ठेवा. आज काम चांगलं झालं.'

ही नोंद पुष्कर नावाच्या तरुण इंजिनिअरनं वाचली. तो नागपूरच्या मनीषनगरहून येऊन-जाऊन नोकरी करायचा. त्याची बायको अदिती नागपूरच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी सांभाळायची. पुष्करनं त्या पानाचा फोटो काढून तिला पाठवला. तिसऱ्या दिवशी अदिती स्वतः कोराडीला आली, सतरंजीवर बसून अकरा रजिस्टरं चाळली, दोनदा चहा घेतला आणि म्हणाली, "काकू, आमच्याकडं दर रविवारी टीव्हीबद्दल एक स्तंभ सुरू करायचा आहे. तुम्ही लिहाल?"

बाईंनी कपबश्या उचलल्या, मोरीत नेल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या आणि मग पदराला हात पुसत बाहेर आल्या. बारा वर्षं त्यांनी एकच बोलणं ऐकलं होतं. जावा म्हणत, नणंदा म्हणत, शेजारची इंदूबाई तर तोंडावर म्हणे: कौसल्येले काय, काम ना धाम, टीव्हीपुढं बसून राहते. आणि बाईंना मनातून वाटायचं की हे काम आहे. मी काम करून राहिली आहे. पण हे म्हणायचं कोणाला? आज शहरातून एक शिकलेली मुलगी येऊन हे काम आहे म्हणत होती. बाईंना पैशाबियशाचं काही सुचलंच नाही. आपलं पाहणं कामात मोजलं जावं, एवढीच त्यांची भूक होती आणि ती फार जुनी होती.

"लिहीन," त्या म्हणाल्या.

पण सरळ झालं तर ती गोष्ट कसली. पुरवणीला एक सल्लागार होते, गिरिधर सर. कॉलेजातून निवृत्त, धरमपेठेत राहणारे, छायापट मंडळाचे अध्यक्ष. हे मंडळ दर रविवारी सकाळी जगभरचे सिनेमे दाखवतं आणि नंतर त्यावर चर्चा करतं. सर वीस वर्षं सिनेमावर लिहीत होते. अभ्यास दांडगा, माणूस खोटा नाही, पण उंची जरा जास्त. वरून बोलायची सवय. अदितीनं बाईंना त्यांच्या भेटीला नेलं. सरांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि रजिस्टर मिटलं.

"निरीक्षण चांगलं आहे, बाई. पण हे ज्याच्यावर केलंय ते काय आहे? टीव्ही म्हणजे घरातला नळ. सोडला की वाहतो. त्याची कोणी समीक्षा करतं का? सिनेमाला अंधार लागतो. माणूस उठून तिथवर जातो, फोन बंद करतो, दोन तास दुसरं काही करत नाही. टीव्हीसमोर बायका भाजी निवडत बसतात."

बाई हळूच म्हणाल्या, "भाजी निवडताना डोळे उघडेच असते, सर. नाहीतर अळी कशी दिसन?"

अदितीनं हसू दाबलं. सरांना मात्र ते लागलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. येत्या रविवारी दहाला मंडळात या. सिनेमा पाहा, आम्ही करतो तशी चर्चा करा. सिनेमा वाचता आला तर टीव्हीवरही लिहा, माझी हरकत नाही. नाही आला तर मग हा स्तंभ राहू द्यावा."

हे न्यायाचं झालं का? मुळीच नाही. पोहणाऱ्याची परीक्षा झाडावर चढवून घेण्यातला प्रकार होता तो. अदिती चिडलीही. पण बाई म्हणाल्या, येते.

येते म्हणाल्या आणि घरी येऊन चार दिवस त्याचाच घोर. थिएटरात जाऊन पाहिलेले सिनेमे बोटांवर मोजण्याइतके. वसाहतीच्या मैदानावर पूर्वी चादर बांधून दाखवायचे, ते पाहिलेले, पण तेही अर्धं लक्ष मेघा कुठं पळाली त्याकडं ठेवून. त्यात हा सिनेमा परदेशी. खाली इंग्रजी अक्षरं येणार, ती वाचेपर्यंत जाणार. "मी तिथं कोणतं तोंड घेऊन जाऊ?" त्या देवाजींना म्हणाल्या. "हसतीन सगळे."

देवाजींनी आपली सुटी बदलून रविवारची घेतली होती. ते म्हणाले, "तू समीक्षा करू नको. तू लॉग लिही."

रविवारी दोघं बसनं नागपूरला गेले. सभागृहात साठ-सत्तर माणसं, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. बाई कडेच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर रजिस्टर, शेजारी देवाजी. मशीन सांभाळणारे लहानूभाऊ पन्नाशीचे, मंडळाच्या जन्मापासूनचे. त्या दिवशीचा सिनेमा चार तुकड्यांत आला होता आणि तुकड्यांची नावं अशा लिपीत होती की लहानूभाऊंनाच काय, सभागृहात कोणालाच वाचता आली नसती. लॅपटॉपनं ज्या क्रमानं दाखवले त्या क्रमानं त्यांनी ते लावले. हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

दहा वाजून बारा मिनिटांनी अंधार झाला. बाईंनी पदराआड छोटी टॉर्च धरली आणि लिहायला सुरुवात केली.

सिनेमा एका डोंगरातल्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचा. बर्फ, एक घर, एक शेळी, शेजारी एक कुटुंब. बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे इंग्रजी अक्षरांचं भय आपोआप गेलं. बाईंना चक्क बरं वाटू लागलं. चूल होती, लाकडं होती, दूध होतं, हे सगळं त्यांच्या ओळखीचं. पण साडेदहानंतर त्यांचा पेन अडखळू लागला. त्यांनी मागचं पान उलटून पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं. देवाजींनी खुणेनं विचारलं, काय? त्यांनी मान हलवली. अकरानंतर तर त्या पडद्याकडं कमी आणि रजिस्टरकडं जास्त पाहू लागल्या. सिनेमा संपला तेव्हाही त्या मागची पानंच उलटत होत्या.

दिवे लागले. मंडळाचा रिवाज असा की आधी सर बोलणार. सर उठले आणि खरोखर छान बोलले. म्हणाले, दिग्दर्शकानं काळाची सरळ रेघ मोडली आहे. बायको आहे, मग नाही, मग पुन्हा आहे. आठवण आणि वर्तमान यांची सीमा पुसली आहे. म्हातारा एकटा असताना समोर दोन वाट्या मांडतो, त्या दोन वाट्या म्हणजे दुभंगलेलं मन. राजा बोले आणि दळ हाले. एक जण म्हणाला, काळाचा भोवरा. दुसरी म्हणाली, काळ हाच नायक. एकानं तर असल्या रचनेची पाच परदेशी उदाहरणं दिली. सगळे माना डोलावत होते.

बाईंच्या रजिस्टरात हे काहीच नव्हतं. त्यांच्या नोंदींवरून दिसत होतं की सिनेमा उलटापालटा लागला आहे. पण एवढी शिकलेली माणसं एक म्हणत असताना आपण दुसरं म्हणायचं? चूक निघाली तर स्तंभ तर जाईलच, वर हसं होईल, आणि इंदूबाई काय म्हणते तेच खरं ठरेल. गप्प राहावं, छान होता म्हणावं आणि बस पकडावी, असं त्यांना अगदी वाटून गेलं.

"बाई, तुम्ही सांगा," सर म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, पण अपेक्षाही नव्हती.

बाईंनी देवाजींकडं पाहिलं. देवाजींनी रजिस्टरमधली पानं तिरक्या नजरेनं वाचली होती. ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या इथं लॉग एक म्हणते अन साहेब दुसरं म्हणते, तवा काय करतेत? मशीन तपासतेत. तू लॉग वाच."

बाई उभ्या राहिल्या. "सर, तुमचं मोठं बोलणं मले समजलं नाही. मी जे पाह्यलं ते वाचते." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"दहा एकोणतीस. लाकडाचा ढीग छपरापर्यंत. शेळी गाभण. दहा एक्केचाळीस. लाकूड गुडघ्याएवढं उरलं. शेळीजवळ दोन पिल्लं. म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर जुना व्रण. अकरा दहा. लाकूड पुन्हा छपरापर्यंत. शेळी पुन्हा गाभण. अकरा सोळा. कुऱ्हाड अंगठ्याले लागली, रक्त."

"तेच तर म्हणतोय आम्ही," मघाचा उदाहरणं देणारा म्हणाला. "काळ मागे गेला. हे दिग्दर्शकानं मुद्दाम केलंय."

"मलेही तसंच वाटलं, भाऊ," बाई म्हणाल्या. "सिरियलमध्येही मागं जातेत. पण मागं जाताना कोणीतरी आठवते, कोणी काही पाहते, काहीतरी निमित्त असते. म्हणून मी गप होती. मंग ही नोंद पाहा. दहा अडतीस. म्हातारीनं चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं. डाव्या हातात झाकण, वाफ तोंडावर. पडदा काळा. अकरा पाच. म्हातारी, डोक्यावर तोच रुमाल, तीच वाफ, डाव्या हातात झाकण. मंग तिनं ते खाली ठेवलं." बाईंनी वर पाहिलं. "सर, उकळत्या भांड्यावरचं झाकण सत्तावीस मिनिटं कोणी हातात धरत नाही. दिग्दर्शक कितीही मोठा असला तरी नाही."

बाईंचा आवाज आता ठाम झाला होता. "अजून एक आहे. अकरा चार, म्हाताऱ्याचा हात कडीकडं गेला अन पडदा काळा. ते दार उघडलं अकरा बत्तीसला. मले वाटते दुसरा अन तिसरा तुकडा अदलाबदल झाला. वाटते, हे लॉगमध्ये नाही लिहिलं मी. तोंडानं सांगून राहिली. लहानूभाऊ, एकदा मशीन तपासता का?"

लहानूभाऊ लॅपटॉपवर वाकले. सिनेमा पाठवणाऱ्यांचं पत्र शोधलं. त्यात तुकड्यांची नावं आणि पुढं आकडे दिले होते. त्यांनी ते लॅपटॉपवरच्या नावांशी एकेक अक्षर जुळवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग ताठ उभे राहिले.

"बाई बरोबर आहेत, सर," ते म्हणाले. "माझ्याकडून झालं. एक, तीन, दोन, चार असा लागला."

आता इथं दुसरा कोणी असता तर खोकून, चहाची वेळ झाली म्हणून सुटला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गिरिधर सरांचं एक मानावं लागेल. ते उठून मशीनपाशी गेले आणि म्हणाले, "लहानू, दुसऱ्यापासून लाव. ज्यांना जायचंय त्यांनी जावं." चार-पाच जण गेले. बाकीचे बसले, दुपारच्या जेवणाची वेळ टळत होती तरी बसले.

आणि मग त्या सभागृहात खरा सिनेमा लागला. म्हातारीनं झाकण खाली ठेवलं, म्हाताऱ्याला वाढलं, हिवाळाभर दोघं तशीच राहिली आणि दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी म्हातारी झोपली ती उठलीच नाही. मग तिसरा तुकडा. बर्फ वितळतंय, शेळीला पिल्लं झालीत, लाकूड संपत आलंय आणि म्हातारा एकटा जेवायला बसतो. बसतो आणि सवयीनं दोन वाट्या मांडतो. दुसरीत वाढतोसुद्धा. मग थांबतो. मघाशी ज्या दोन वाट्यांवर एवढं बोलणं झालं होतं, त्या आता पाहिल्यावर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उघड उघड नाक ओढलं. कौसल्याबाई तर ओक्साबोक्शी रडल्या. टॉर्च विझवून रडल्या.

दिवे लागले तेव्हा पावणेदोन झाले होते. सर उभे राहिले. "मघाशी मी जे बोललो ते सगळं चुकलं," ते म्हणाले. "चुकलं याचं एवढं नाही. आपल्यापैकी एकालाही ते झाकण दिसलं नाही, याची मला लाज वाटते. आपण अर्थ शोधत होतो. या बाई पाहत होत्या." मग अदितीकडं वळून म्हणाले, "स्तंभ माझ्या शेजारी छापा. त्याच मापाचा."

टाळ्या पडल्या. बाईंना त्या आपल्यासाठी आहेत हे कळायला थोडा वेळ लागला. देवाजी मात्र सगळ्यांच्या आधी उभे राहून वाजवत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, मिसेस आहेत माझ्या.

चहाच्या टेबलाशी सर बाईंजवळ आले. "एक विचारू? आता मनापासून विचारतोय. टीव्ही आणि सिनेमा तुम्हाला सारखेच वाटतात?"

"सारखे कसे असतीन, सर?" बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. "हे पाहा. बारा वर्षांत माह्या रजिस्टरात रिकामी ओळ नाही. आज अर्धं पान कोरं आहे. त्या वाट्या आल्या अन पेन हलेचना. हे मले सिरियलनं कधी केलं नाही. पण सर, या म्हाताऱ्यासंग मी दोन तास राहिली. बटणं लावणारी ते विधवा बाई आहे ना, तिच्यासंग सहा वर्षं राहून राहिली. तिच्या केसात पहिला पांढरा केस कधी दिसला ते माह्याकडं तारखेनिशी आहे. सहा वर्षांचं जे काम आहे ते दोन तासांत होत नाही. फक्त करणारा अन पाहणारा, दोघंही जागे पायजेत."

सरांनी ते अर्धं कोरं पान जवळ घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "तुमची जुनी रजिस्टरं वाचायला मिळतील का मला?"

"घेऊन जा. पण पान मुडपू नका."

"आणि पुढच्या रविवारी याल ना? दहाला."

"नाही जमणार, सर."

सगळे चपापले. अदितीचा चेहरा पडला. बाई अगदी सहज सांगत होत्या, "दर रविवारी एक वाजता महाएपिसोड असते. इथून निघून कोराडीले पोहोचेपर्यंत तो संपते. आजचा बुडाला माह्या. सेकंड शिफ्टचे पोट्टे उद्या दुपारी रजिस्टर मागतीन, त्याइले मी काय देऊ? तुमचा सिनेमा लवकर संपत असन तर येते."

छायापट मंडळाची वेळ सव्वीस वर्षांत कोणासाठी बदलली नव्हती. मोठमोठे दिग्दर्शक पाहुणे म्हणून आले, त्यांच्यासाठीही नाही. सरांनी खिशातून पेन काढला, दारावरच्या फलकाशी गेले, त्यावरचा 'सकाळी दहा' खोडला आणि वर 'सकाळी नऊ' लिहिलं.

मग ते वळून म्हणाले, "एकच्या आत घरी पोहोचाल ना, कौसल्याताई?"

"पोहोचते," बाई म्हणाल्या, आणि देवाजींच्या हातातली पिशवी घेऊन बसच्या थांब्याकडं निघाल्या.